सकाळी उठत नाही, गेटला झोपते

प्रश्न: नमस्कार काका. वडिलांनी १९९८ला घेतलेली मारुती ८०० आहे, कार्बुरेटरवाली, विकायची नाही. पाऊस लागला की सकाळी दहा-बारा वेळा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होईना झालीय. सेल्फ जोरात फिरतो खरं इंजिन धरत नाही. एकदा सुरू झाली की खानापूरहून बेळगावपर्यंत मस्त पळते, आणि टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला पाय काढला की बंद, मागून हॉर्न सुरू. मेस्त्रीनं नवीन बॅटरी घातली, तिन्ही प्लग बदलले, शेवटी स्लो (पाय काढल्यावरचा इंजिनचा वेग) वाढवून दिला. आता बंद पडत नाही पण ट्रॅक्टरसारखी ओरडते आणि पेट्रोल पितेय. आता म्हणतोय कार्बुरेटरच नवा घालूया. घालू का? – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: कार्बुरेटर (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) नका घालू, एवढ्यात तरी. तुम्ही एकच दुखणं समजताय, मला तुमच्या पत्रातनं दोन दिसतात, सकाळचं वेगळं आणि गेटचं वेगळं. दोन्ही एकत्र धरून पार्ट बदलत गेलं की असंच होतं, खिसा रिकामा आणि गाडी तिथंच.

आधी सकाळचं. सेल्फ जोरात फिरतो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे बॅटरीचा बिचारीचा काही दोष नव्हता. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास असेल आणि सेल्फ मारताना १०च्या खाली जात नसेल तर बॅटरीचा विषय संपला. आता त्रास पावसातच का, हा खरा प्रश्न. तुमच्याकडचा पाऊस म्हणजे बॉनेटखालीसुद्धा दमट, आणि ओलावा सगळ्यात आधी डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डबीच्या, कॅपात जाऊन बसतो. कॅप काढा, आतनं कोरड्या फडक्यानं पुसा, आणि उजेडात नीट बघा, दोन टोकांच्या मधे पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली की समजा करंट तिथनंच पळतोय, प्लगपर्यंत पोचतच नाही. ती रेघ घासून जात नाही, कॅप बदलायची, आत फिरणारा रोटर पण सोबतच. पॉइंटवाला (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचा) डिस्ट्रिब्यूटर असेल तर पॉइंट जळलेत का तेही बघून घ्या. आणखी एक गंमत करून बघा, रात्री अंगणात दिवा बंद करून गाडी चालू ठेवा आणि बॉनेट उघडून प्लगला जाणाऱ्या जाड वायरींवर स्प्रेच्या बाटलीनं पाण्याचा थोडा शिडकावा मारा. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या की वायरी संपल्या. हात मात्र लांब, तिथं हजारो व्होल्ट असतात, आणि फॅनचा पट्टा अंधारात दिसत नाही.

कॅप-वायरी ठीक निघाल्या तर पेट्रोल बघा. सकाळी सेल्फ मारायच्या आधीच एअर फिल्टरचं झाकण काढा, चोक (गार इंजिनला जास्त पेट्रोल देणारा नॉब) न ओढता कार्बुरेटरच्या तोंडात टॉर्च मारा आणि अ‍ॅक्सिलरेटरची तार हातानं ओढा, आत पेट्रोलची बारीक चूळ उडाली पाहिजे. उडाली नाही तर रात्रीत बाऊल (कार्बुरेटरमधली पेट्रोलची वाटी) रिकामा झालाय, आणि सकाळचे तुमचे निम्मे सेल्फ इंजिनवरच्या पंपाला तो भरायलाच लागतात. मग पंपाचा पडदा आणि रबरी पाइप बघायचे. हल्ली पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच भागातला ऊस जातो त्यात, त्यामुळं तक्रार तरी कुणाकडं करायची! पण १९९८च्या गाडीचे पाइप आणि पडदे त्या हिशोबानं बनलेलेच नाहीत, ते फुगतात नाहीतर तडकतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि थंडाव्यात उडायला कंटाळा करतं, म्हणून चोक पूर्ण लागायला हवा. नॉब ओढल्यावर वरची पाकळी पूर्ण मिटते का तेवढं डोळ्यानं बघा, बऱ्याचदा नुसती केबल ढिली झालेली असते.

आता गेट. पळताना ठणठणीत आणि पाय काढला की बंद, म्हणजे कार्बुरेटरचा मोठा रस्ता चांगला आहे, फक्त स्लोचा बारीक रस्ता अडलाय किंवा कुठनं तरी जास्तीची हवा घुसतेय. कार्बुरेटरवर एक छोटा सोलेनॉइड (करंटवर उघडणारा स्लोच्या रस्त्याचा झडप) असतो, त्याला एकच वायर. चावी ऑन करा, इंजिन बंदच राहू दे, ती वायर काढा आणि परत टेकवा, ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर वायरीत करंट आहे का बघा. करंट असून टक नाही तर सोलेनॉइड गेला, आणि नवा कार्बुरेटर घालण्याची गरजच उरली नाही. टक येत असेल तर स्लो जेट (स्लोच्या पेट्रोलची बारीक भोकाची नळी) खोलून हवेच्या प्रेशरनं साफ करा, तार किंवा सुई घालायची नाही, भोक मोठं झालं की ते कायमचंच मोठं झालं. (मी स्वतः एकदा घातलीय, त्यानंतर वर्षभर ती गाडी काळा धूर सोडत फिरली.)

हवा शोधायला हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं कार्बुरेटरच्या बुडाशी आणि ब्रेक बूस्टरच्या पाइपाला फिरवत न्या. जिथं ‘सूंऽऽ’ असं स्पष्ट ऐकू येईल तिथं फट आहे. बुडाचं गॅस्केट बदलून पण आवाज राहिला तर बूड वाकलंय, ते उद्यमबागेत कुठल्याही मशीन शॉपला फेस करून, म्हणजे घासून सपाट करून, मिळतं.

हे सगळं झाल्यावर मग स्लोचा स्क्रू, आधी नाही. मेस्त्रीनं आधी फिरवला म्हणून आजार झाकला गेला. स्लो साधारण मिनिटाला ९०० फेऱ्यांवर आणायचा आणि मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेच्या प्रमाणाचा) स्क्रू पीयूसीवाल्याच्या मशीनवर सेट करून घ्यायचा. तुमच्या गाडीला सीओची (धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ३ टक्के आहे, पण नीट लागलेली गाडी त्याच्या बरीच खाली बसते.

प्रश्न: गोव्याहून येताना चोर्ला घाट चढून कणकुंबीला चहाला थांबलो. पंधरा मिनिटांनी निघालो तर गाडी सुरूच होईना. अर्ध्या तासानं आपोआप झाली. जुनी झेन, कार्बुरेटरचीच. – एक वाचक, निपाणी

उत्तर: हिचं उलटं आहे, गरम असताना उठत नाही. घाट चढून गाडी लगेच बंद केली की इंजिनची धग वर येते आणि बाऊलमधलं पेट्रोल उकळून खाली आत सांडतं, इंजिन पेट्रोलनं भरतं. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरचा पाय पूर्ण दाबून तसाच ठेवा आणि सेल्फ मारा. पाय वर-खाली करायचा नाही, चोकला हात लावायचा नाही. पाच-सहा सेकंदात खोकत खोकत धरते. पुढच्या वेळी चहाच्या आधी एक मिनिट गाडी स्लोवर चालू ठेवा आणि मग बंद करून बॉनेट उघडा. कार्बुरेटरखालचा जाड, धग अडवणारा इन्सुलेटर कुणी काढून साधं गॅस्केट घातलंय का तेवढं बघा, तसं मी बऱ्याच गाड्यांत बघितलंय. एवढं करून पण परत तसंच झालं तर त्याच जागी, गरम असतानाच, प्लग काढून ठिणगी येते का बघा, त्या वेळी ठिणगी नसली आणि गार झाल्यावर आली तर पेट्रोल नाही, ठिणगीचा करंट बनवणारी इग्निशन कॉइल गेलीय.