बाळ दोन महिन्यांचं आहे, घर आवरतच नाही. तुम्ही कसं करता?

ताई, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचून चपापलोच. ‘नवरा मदत करतो, पण दर वेळी हे कुठंय, ते कुठंय विचारतो.’ साडेतीन वर्षांपूर्वी तो नवरा मी होतो. म्हणून लिहितोय.

मी चाकणला एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये कामाला आहे. कुठला माल कुठल्या रॅकवर, किती उरला की मागवायचा, हे बघणं हीच माझी रोजीरोटी. राहायला मोशीत, वन बीएचके. मुलगी जूनमध्ये झाली, बायकोच्या माहेरी, कराडला. सव्वा महिन्यानंतर दोघी ऐन पावसात घरी आल्या, सासूबाई आठ दिवस राहून परत गेल्या, आणि मग आम्ही तिघंच. बायकोची २६ आठवड्यांची रजा चालू होती. बापाला रजा द्यायची खासगी कंपन्यांवर कायद्याने सक्ती नाही. केंद्र सरकारी नोकरांना १५ दिवस तरी मिळतात, मला तीन मिळाले होते आणि ते कराडलाच संपले होते.

आता स्टोअर्सचा माणूस काय करणार? कंपनीत आमच्याकडून ‘फाइव्ह-एस’, म्हणजे कामाची जागा नीट लावून ठेवायची पद्धत, घोटून घेतात, ते मी घरी आणलं. कपाटाच्या कप्प्यांना नंबर दिले, रंगीत टेप चिकटवली, कोणी काय कधी करायचं याचा मोठा तक्ता छापून लॅमिनेट करून भिंतीवर लावला. बायकोने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि एवढंच विचारलं, ‘‘हे भरणार कोण?’’

चौथ्या रात्री अडीचला मुलीने लंगोट भिजवला. बायकोला दिवसभरात पहिल्यांदा सलग झोप लागली होती. मी ट्यूब लावली, कपाट उघडलं, दोन कप्पे उपसले आणि शेवटी विचारलंच, ‘‘अगं, लंगोट कुठंयत?’’ ती उठली, पोरगीही टक्क जागी झाली, आणि पुढचा दीड तास दोघी रडत होत्या. भिंतीवरच्या तक्त्यात ‘लंगोट : कपाट २, कप्पा ३’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे आवरलेपणाची परीक्षा एकच. जागं असलेल्याला काही करायला झोपलेल्याला उठवावं लागलं, की नापास. लादी पुसली आहे का, सोफ्यावर कपड्यांचा ढीग आहे का, हे त्या परीक्षेत विचारतच नाहीत. ढीग खुशाल असू दे.

या परीक्षेला उतरलेली पहिली गोष्ट म्हणजे रात्रीचं ताट. खरं तर ती परात आहे, कणीक मळायची जुनी. तिच्यात चार लंगोट, दोन डायपर, एक झबलं, एक दुपटं, कापूस, झाकणाच्या डब्यात उकळून गार केलेलं पाणी, आणि मेणकापडाचा जादा तुकडा. रात्री जेवणं झाली की ताट भरून पलंगाखाली ठेवायचं. भरायचं काम माझं, कारण शोधाशोध करणाराही मीच. खोलीत झिरोचा बल्ब, ट्यूबला हात लावायचा नाही. घाण कपड्यांसाठी बाथरूमच्या दाराशी झाकणाची बादली. बास. बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालणं आम्ही त्या दिवसापासून बंद केलं. धुतलेलं सगळं एका टोपलीत. वीतभर झबल्याची घडी घालून तुम्हाला कोण बक्षीस देणार आहे?

पावसात बाळोती वाळणं हा मात्र खरा वैताग. पंख्याखाली दोरी बांधली, उरलेली ओल इस्त्रीने काढली. दिवसा लंगोट, रात्री डायपर असं ठरवल्यावर दोरीवरची गर्दी निम्मी झाली. ‘आमच्या वेळी कुठे होते डायपर’ असं म्हणणाऱ्या मावशींना मी हसून चहा दिला.

दुसरी गोष्ट थेट कंपनीतली, दोन डब्यांची पद्धत. प्रत्येक वस्तूचे दोनच नग ठेवायचे, एक वापरात, एक बंद. पहिला संपून दुसरा फोडला की त्याच क्षणी पुढचा मागवायचा. ‘संपत आलाय वाटतं’ असा अंदाज बांधायचाच नाही, कारण अपुऱ्या झोपेत अंदाज हमखास चुकतो. डायपर, कापूस, कपड्यांचा साबण, चहापत्ती, गॅस सिलिंडर, आणि हो, डिंकाचे लाडूसुद्धा. लाडवांचा दुसरा डबा उघडला की कराडला फोन. रात्री तीनला दूध पाजताना बायकोला कडाडून भूक लागायची, तेव्हा तो डबा आणि पाण्याची बाटली तिच्या हाताला लागेल अशी उशाशी असायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय असेलच. त्यात आपल्याकडे पूर्वापार दुधाचा हिशेब आणि बाईचे खाडे लिहितात. त्याच चौकटीत आम्ही बाळाचं लिहायला लागलो आणि तो लॅमिनेटचा तक्ता उतरवला. पेन दोरीने बांधलेलं. डी जीवनसत्त्वाचे थेंब दिले की बरोबरची खूण. आम्हाला डॉक्टरांनी रोज ४०० युनिटचा डोस सांगितला होता, आणि त्याचे किती थेंब हे बाटलीबाटलीगणिक बदलतं, म्हणून ते झाकणावरच लिहून ठेवलं. खूण नसेल तर काय होतं? मी विचारतो ‘दिले का?’, ती झोपेत ‘हो’ म्हणते, आणि ते ‘हो’ कालचं असतं. कधी थेंब चुकतात, कधी दोनदा जातात. लहान जिवाला दोनदा जाणं बरं नाही.

शेवटचं दूध किती वाजता, हेही लिहायचं. कुठल्या बाजूने, ते बायको बांगडीवर लक्षात ठेवायची, एका हातातली काढून दुसऱ्या हातात. शिवाय दिवसभरात ओले झालेले लंगोट, नुसत्या उभ्या रेघा मारून. पहिला आठवडा सरल्यावर दिवसाला सहा किंवा जास्त ओले होत असले, की दूध पुरतंय म्हणायचं. ‘दूध पुरत नाही वाटतं, वरचं द्या’ असं सुचवणाऱ्या काकूंना मी त्या रेघा दाखवायचो.

आमच्याकडे शिफ्ट बदलताना जाणारा येणाऱ्याला चार्ज देतो. मशिन कुठे अडलं, कुठला माल यायचाय, सगळं रजिस्टरमध्ये. घरात ते रजिस्टर म्हणजे हे कॅलेंडर. फर्स्ट शिफ्टला माझी बस पावणेसहाला यायची, म्हणून संध्याकाळी साडेसात ते साडेअकरा मुलगी माझी. पाजायला तेवढं आईकडे न्यायचं. ढेकर काढणं, लंगोट, खांद्यावर घेऊन येरझारा हे माझं. बायको जेवून साडेसातलाच झोपायची. साडेअकराला मी चार्ज देऊन आडवा, की तो थेट सव्वापाचला उठणार. पाजण्यापुरतं उठणं सोडून चार तासांची झोप मिळायला लागल्यावर ती माझ्यावर ओरडायची थांबली, हे नमूद करतो. तुमच्या यजमानांना मदतीला बोलवू नका, शिफ्ट द्या. त्या वेळात ते चुकले तरी आतून सूचना द्यायच्या नाहीत. झबलं उलटं घालतील. घालू देत.

लसींच्या तारखा त्याच कॅलेंडरवर लाल पेनाने. सरकारी वेळापत्रकात त्या आठवड्यांनी मोजतात, जन्मानंतर ६, १० आणि १४ आठवडे. दीड महिना, अडीच महिने असं तोंडी धरलं की घोळ होतो. तुमची सहा आठवड्यांची झाली असेल, आता दहाची बघा. लसीच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ताप येऊ शकतो, बाळ किरकिरतं, म्हणून त्या दोन दिवसांत पाहुणे नाहीत आणि स्वयंपाकात खिचडी. तापाचं औषध किती द्यायचं ते लस टोचतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या, रात्री फोनाफोनी नको.

स्वयंपाकाचं थोडक्यात सांगतो. कुकरच्या शिट्ट्या सकाळी मी जायच्या आत किंवा मालिशवाल्या मावशी बाळाला न्हाऊ घालत असताना. न्हाणं झालं की पोरगी दोन तास गाढ झोपायची. सुरुवातीला त्या दोन तासांत बायको भांडी घासायची. याच्याइतका मूर्खपणा दुसरा नाही. ते तास तिच्या झोपेचे. बाबागाडीचे पैसे वाचवून आम्ही पोळ्या आणि भांड्यांना मावशी लावल्या. बाबागाडी आजतागायत घेतलेली नाही. आणि बाळगुटी? त्या वादात मी पडत नाही. डॉक्टरांनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको म्हणून सांगितलं होतं. आम्ही ऐकलं, आणि सहाण, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग हा सगळा पसारा ओट्यावर आलाच नाही.

पाहुण्यांसाठी बेलचं बटण बंद करून दारावर चिठ्ठी लावली, ‘बाळ झोपलंय, फोन करा.’ ‘काही लागलं तर सांगा हं’ म्हणणाऱ्यांना खरंच सांगायचं. समोरच्या काकूंना मी म्हणालो, ‘‘मेथीची जुडी निवडून द्याल?’’ त्यांनी महिनाभर आमची भाजी निवडून दिली, वर शेंगदाण्याचं कूटही. नुसतं ‘नको, नको’ म्हटलं असतं तर त्याही कौतुक करून, चहा पिऊन गेल्या असत्या.

एक कागदाचं काम राहून जातं. जन्माची नोंद २१ दिवसांत होते, दवाखाना ती करतो, पण जिथे जन्म झाला तिथल्या कार्यालयात. आमची कराडला झाली होती आणि मी इथल्या महापालिकेत चकरा मारत बसलो. नोंदीत बाळाचं नाव घालायला पहिल्या वर्षात पैसे लागत नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून आधारपर्यंत हाच दाखला लागतो, तेव्हा बाळंतपण माहेरी झालं असेल तर तिकडे जाल तेव्हा उरकून टाका.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की ‘घर बघून रडू येतं.’ पहिल्या एकदोन आठवड्यांत असं रडू बऱ्याच जणींना येतं. तुमचा आता दुसरा महिना आहे. रोज रडू येत असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, कशातच मन नसेल, तर तो आवराआवरीचा प्रश्न नाही. तुमच्या डॉक्टरांना हेच शब्द सांगा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. यजमानांना हा परिच्छेद दाखवा.

आणि वरचं सगळं एकदम करायला जाऊ नका, माझ्या तक्त्यासारखं होईल. आज रात्री फक्त परात भरा. म्हणजे, त्यांना भरायला सांगा. लंगोट कुठंयत ते मात्र अजून एकदा सांगावं लागेल.