कांदा कुणाच्या आवाक्यात?

प्रिय पोरी,

तुझी पहिली बातमी वाचली. 'कांदा भडकला, गृहिणींचं बजेट कोलमडलं.' वाक्य सफाईदार आहे. पण 'भडकला' हा शब्द तू निवडलास, की आपोआप आला? आपोआपच आला असणार. डेस्कवर आम्हा सगळ्यांना तो तसाच येतो. भाव चढले की 'भडकतात', उतरले की 'आवाक्यात येतात' आणि सगळ्यांना 'दिलासा' मिळतो.

एकदा रात्रपाळीला मीही 'कांदा आवाक्यात' असा मथळा दिला होता. दुसऱ्या दिवशी निफाडकडच्या एका शेतकऱ्याचा फोन. चिडले नव्हते, हेच मला जास्त लागलं. म्हणाले, "साहेब, कुणाच्या आवाक्यात? विक्रीची पट्टी हातात आहे माझ्या. ट्रॅक्टरचं भाडंसुद्धा सुटत नाही." माझा आकडा बरोबर होता. फक्त तो मी पिशवी घेऊन भाजीवाल्यापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने पाहिला होता. 'क्विंटलमागे अमुक रुपयांनी उतरला' एवढं लिहिलं असतं, तर दोघांनाही आपापलं हसू-रडू करता आलं असतं.

तेव्हापासून एक खोड लागली. वाक्य ज्याच्याविषयी आहे, त्याच्या तोंडावर ते वाचून दाखवता येईल का, हे मनात करून बघतो. 'कर्जमाफी' वाचून बघ. माफी गुन्ह्याची असते. म्हणून तर शेतकरी चळवळीतली माणसं 'कर्जमुक्ती' म्हणा असा आग्रह धरायची. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेच्या सरकारी नावातही 'कर्जमुक्ती'च आहे. मथळ्यात आपण मात्र 'माफी' देत राहिलो. अक्षरं दोन्हींत चारच, म्हणजे जागेची सबबही नाही.

'नवऱ्याने टाकलेली' तर कुणी कुणासमोर वाचूच शकणार नाही. टाकतात ती वस्तू. 'परित्यक्ता' जरा सोवळ्यातला शब्द, पण अर्थ तोच. मला तोही पुरता पटत नाही. 'नवऱ्यापासून वेगळी राहते' एवढ्याने काम भागतं.

आणि चकमकीच्या बातमीतलं ते 'कंठस्नान'! गळ्याच्या रक्ताने आंघोळ. चौकशी व्हायची असते, आणि आपण एका क्रियापदात निकाल देऊन मोकळे होतो. 'ठार' लिही.

पण म्हणून सगळी बातमी कोरडी ठणठणीत करू नकोस. शेतकरी "लुटलं हो आम्हाला" म्हणाला, तर तसंच छाप, अवतरणात. 'लूट' त्याच्या तोंडी शोभते, आपल्या वाक्यात नको. अग्रलेखात खुशाल भडकव. तिथे आपण बाजू घेतोय हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं.

उद्या पुढची बातमी करशील, तर आधी लासलगावच्या कांदा बाजारात फोन लाव. आवक किती, कमीत कमी भाव किती, सरासरी किती, तिन्ही विचार. मथळा सोडण्याआधी मला व्हॉट्सॲप कर. निवृत्त झालो तरी दीड वाजेपर्यंत झोप येत नाही.

तुझा,
जुना रात्रपाळीवाला