नावाचा माग काढताना

भाऊ, गावा-प्रदेशांच्या नावांचा शोध घ्यायला लागलास, फार बरं वाटलं. पण उच्चार जुळला की लगेच अर्थ लावू नकोस. आपला खान्देशच घे. कोणी कान्हदेश, म्हणजे कृष्णाचा देश म्हणतं, कोणी इथे राज्य करणाऱ्या फारुकी राजांच्या ‘खान’ पदवीशी जोडतं. मला दुसरं पटतं. १६०१ मध्ये अकबराने फारुकींचा असीरगड किल्ला घेतला आणि आपला मुलगा शाहजादा दानियाल याच्यावरून खान्देश सुभ्याचं नाव ‘दानदेश’ ठेवलं. दानियाल मूळ हिब्रू, अर्थ ‘देव माझा न्यायाधीश’. तापीकाठाला हिब्रू मुळाचं नाव, बघ! इथे संस्कृत ‘दान’ लावलं असतंस तर फसला असतास. म्हणून आधी जुन्या कागदात नाव कसं लिहिलंय ते साल घालून टिप. मग गावातल्या म्हाताऱ्यांकडून अहिराणीतला उच्चार ऐक, तसाच्या तसा लिही.