जिमला न जाता जुन्या पद्धतीच्या व्यायामाने खरी ताकद कमावता येते का?

येते, नक्की येते. तुम्ही लिहिलंय की म्हापशात खोली घेऊन राहता, जिमची फी परवडत नाही आणि दंड-बैठकांचा जमाना गेला असं मित्र म्हणतात. मित्रांचं मनावर घेऊ नका. स्वतंत्र भारताला १९५२ साली हेलसिंकीत पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव तालमीच्या मातीतच घडले.

मात्र हजार जोर, दोन हजार बैठका असले आकडे ऐकून सुरुवात करू नका. पैलवानाला कुस्तीसाठी दम लागतो, म्हणून तो संख्या वाढवतो. सलग पन्नास बैठका सहज निघू लागल्या की पुढच्या पन्नासांनी दम वाढेल, ताकद फारशी नाही. ताकदीसाठी वजनच वाढवावं लागतं.

आमच्या डिचोलीकडे चिरे, म्हणजे बांधकामाचे जांभ्या दगडाचे ठोकळे, ट्रकात चढवणारी माणसं कधी नीट पाहा. एक चिरा साधारण २५-३० किलोंचा. दंड फुगलेले नसतात, पण पकड आणि कंबर लोखंडासारखी. ते चिरा लांबून उचलत नाहीत. गुडघे वाकवून आधी पोटाशी घेतात, मग मांडीवर आणि तिथून वर. वजन अंगाला चिकटलेलं असेल तर पाठीवर ताण कमी येतो. ही उचल शिकून घ्या, फुकट आहे.

तुमच्यासाठी गोणपाट बरं. शुक्रवारच्या बाजारात दोन गोणपाटं आणि जाड काथ्याचा दोर घ्या. एकात एक घालून कोरडी माती भरा. किती भरायची? सलग दहा वेळा जेमतेम उचलता येईल इतकी. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचे पाय पुन्हा बळकट करताना थॉमस डेलॉर्म या अमेरिकन डॉक्टरांनी हेच माप धरलं होतं. पुढे त्यांनी सुटसुटीत केलेली पद्धत अशी: त्या वजनाच्या निम्म्याने दहा, पाऊणपटीने दहा आणि शेवटी पूर्ण वजनाने दहा. शेवटचे दहा सोपे वाटले की थोडी माती वाढवायची. आठवड्यातून तीन दिवस पुरे, मधल्या दिवशी विश्रांती.

याला जोर जोडा. कंबर वर, मग छाती जमिनीलगत सरकवत पुढे; घाई नको. पण जोर-बैठकांत ओढण्याचं काम नाही, ही त्यांची खरी उणीव. म्हणून दोर. आंब्याच्या जाड फांदीला बांधा, आधी नुसतं लोंबकळा, मग चढा. मुद्गल, म्हणजे खांद्यामागून फिरवायचे लाकडी सोटे, मिळाले तर हलकी जोडी घ्या. खांदे इतके मोकळे करणारं दुसरं साधन मला तरी माहीत नाही.

जून ते सप्टेंबर अंगण निसरडं असतं, तेव्हा दोर सोडून बाकीचं पडवीत करा. गोव्याच्या दमट हवेत घाम प्रचंड जातो, व्यायामानंतर मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज प्या. कुळीथ आणि बांगडा जेवणात असेल तर प्रोटीन पावडरच्या डब्यावर पैसे घालवायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, ते चालतं. गुडघ्यात किंवा कमरेत कळ आली तर त्याच क्षणी थांबा. रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारूनच वजनाला हात लावा, आणि उचलताना श्वास कोंडू नका.