फोन आणि टॅब्लेटसाठी एकच अ‍ॅप

प्रश्न : मी अँड्रॉइडसाठी लेख वाचण्याचे अ‍ॅप तयार करत आहे. फोनवर ते नीट दिसते. टॅब्लेटवर मात्र ओळी इतक्या लांब होतात की वाचताना पुढची ओळ सापडत नाही. टॅब्लेटसाठी वेगळे अ‍ॅप करावे का? की उपकरण ओळखून मांडणी बदलणे पुरेसे आहे?

उत्तर : वेगळे अ‍ॅप मुळीच करू नये, कारण मग प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते आणि एकीकडची कधीतरी राहूनच जाते. उपकरण ओळखूनही काम भागत नाही. अँड्रॉइड ७.० पासून, म्हणजे २०१६ पासून, एकाच पडद्यावर दोन अ‍ॅप शेजारी-शेजारी उघडता येतात, तेव्हा टॅब्लेटवरही आपल्या अ‍ॅपच्या वाट्याला फोनइतकीच अरुंद विंडो येऊ शकते. घडीचा फोन उलगडला की नेमके उलटे घडते. म्हणून मांडणी विंडोच्या त्या वेळच्या रुंदीवरून ठरवावी.

ही रुंदी पिक्सेलमध्ये न मोजता डीपीमध्ये, म्हणजे पडद्याच्या घनतेवर अवलंबून नसलेल्या एककात, मोजावी. १६० डीपीआयच्या (म्हणजे दर इंचाला १६० ठिपके असलेल्या) पडद्यावर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल, तर ३२० डीपीआयच्या पडद्यावर २ पिक्सेल. गूगलच्या मार्गदर्शनानुसार ६०० डीपीपेक्षा कमी रुंदी अरुंद, ६०० ते ८४० मध्यम आणि ८४० पासून पुढे विस्तृत मानली जाते. विस्तृत विंडोत लेखांची यादी डावीकडे आणि निवडलेला लेख उजवीकडे ठेवा. अरुंद विंडोत आधी यादी आणि तीवर बोट ठेवल्यावर लेख. दोन्ही ठिकाणी घटक तेच वापरा, फक्त त्यांची जागा बदला. लेखाच्या स्तंभाला कमाल रुंदी ठरवून दिली की लांब ओळींची तुमची अडचण तिथेच सुटेल.

याहून महत्त्वाची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. उपकरण आडवे केले किंवा विंडोचा आकार बदलला की अँड्रॉइड साधारणतः अ‍ॅक्टिव्हिटी (म्हणजे समोर दिसणारा पडदा) नव्याने उभी करते. निवडलेला लेख आणि वाचनाची जागा जपून ठेवली नसेल, तर वाचक पुन्हा यादीच्या आरंभी फेकला जातो, आणि वाचनाच्या अ‍ॅपमध्ये याहून त्रासदायक दुसरे काही नाही. व्ह्यूमॉडेलमुळे, म्हणजे पडद्यावरची माहिती वेगळी सांभाळणाऱ्या घटकामुळे, ही माहिती असा बदल झाल्यावरही टिकते. परंतु पार्श्वभूमीत असताना प्रणालीने अ‍ॅपची प्रक्रियाच बंद केली तर तीही जाते, म्हणून लेखाचा क्रमांक सेव्ह्ड स्टेटमध्येही, म्हणजे प्रणाली जपून ठेवते त्या नोंदीतही, ठेवा.

अ‍ॅप उभ्या स्थितीतच बांधून ठेवण्याची पळवाट आता फारशी उरलेली नाही. एपीआय ३६ (म्हणजे अँड्रॉइड १६ ची आवृत्ती-पातळी) लक्ष्य ठेवणारी अ‍ॅप अँड्रॉइड १६ वर चालताना, खेळांचा अपवाद वगळता, किमान ६०० डीपी रुंदीच्या पडद्यावर असे बंधन सहसा जुमानले जात नाही. तेव्हा चाचणी घेताना एखादा लेख अर्धा वाचून शेजारी-शेजारी उघडलेल्या दोन अ‍ॅपमधली दुभाजक पट्टी दोन्ही बाजूंना ओढून पाहा आणि वाचनाची जागा टिकते का, ते तपासा.