रंगाचे रेणू रांगेत बसले की प्रकाशाचं काय होतं?

तुम्ही विचारलंय, ‘रंगाचे रेणू म्हणे पाण्यात आपोआप जुळतात आणि त्यांचा पापुद्रा धातूसारखा प्रकाश परतवतो. खरं आहे की नुसती हवा?’ खरं आहे, आणि तसं जुनंच आहे.

साताऱ्यात मामाचा फोटो स्टुडिओ होता. सुट्टीत माझा मुक्काम डार्करूममध्ये. कागद धुताना लाल दिवा चालायचा, पण फिल्मचा रोल टाकीत भरताना मामा तोही बंद करायला लावायचा. मिट्ट काळोखात, बोटांच्या अंदाजाने फिल्म रीळावर चढवायची. का, तर ‘फिल्मला लाल दिसतं, कागदाला नाही.’ त्यापलीकडचं मला एम.एस्सी.ला कळलं. फिल्मवर प्रकाश टिपणाऱ्या सिल्व्हर ब्रोमाइड या क्षाराला मुळात निळा-जांभळा प्रकाशच कळतो. 1873 मध्ये फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला दिसलं, की त्यात रंग मिसळला तर हिरवाही टिपता येतो. पुढे सायनिन जातीचे रंग आले. त्यांचे रेणू ब्रोमाइडच्या कणांवर एकमेकांना बिलगून थर धरतात, हिरवा-लाल प्रकाश झेलतात आणि इलेक्ट्रॉन कणाच्या हवाली करतात.

हे रेणू चपटे. त्यांच्या सपाट अंगाला पाणी मानवत नाही, म्हणून पाण्यात गर्दी झाली किंवा मीठ पडलं की ते एकमेकांना चिकटून बसतात. गोंद नाही, साचा नाही. गंमत बसण्याच्या ढबीत आहे. ताटांच्या चळतीसारखे सरळ बसले, तर ते शोषतात तो प्रकाश निळ्या बाजूला सरकतो. कलंडलेल्या पत्त्यांसारखे तिरके बसले, तर लाल बाजूला. शिवाय या तिरक्या रांगेत, शोषल्या जाणाऱ्या रंगांचा पसरट पट्टा एकदम अरुंद होतो. 1936 च्या सुमारास इंग्लंडात जेली आणि जर्मनीत शायबे या संशोधकांनी हे आपापलं शोधलं. त्यांच्या रंगाचा सुटा रेणू 525 नॅनोमीटर लहरलांबीच्या (हिरव्या) प्रकाशाच्या आसपास शोषायचा, जुळलेला 570 च्या जरा पुढे. अशा जुळलेल्या पुंजक्याला नाव पडलं जेलीवरून, जे-ॲग्रिगेट. शायबेवर तसा अन्यायच!

पट्टा अरुंद का होतो? लोणंदच्या वाटेवरची दिंडी आठवा. टाळाच्या ठेक्यावर सगळे चालत असले, की एखाद्याचं वाकडं पाऊल दिसत नाही. इथेही प्रकाशाची ऊर्जा एका रेणूकडे न राहता पुष्कळांत वाटली जाते आणि एकेकाचा वेडेपणा बुजतो.

आता तो आरसा. जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधाच्या बुचावर वाळलेला थर पाहिलाय? जांभळा नाही, सोनेरी-हिरवट चमकतो. ज्या रंगाचा प्रकाश तो जबरदस्त शोषतो, तोच पृष्ठभागावरून परत फेकला जातो. ते काही जे-ॲग्रिगेट नव्हे, पण तत्त्व तेच. जे-ॲग्रिगेटमध्ये शोषण इतकं तीव्र असतं, की लहरींच्या एका चिंचोळ्या टप्प्यात तो पापुद्रा प्रकाशाशी धातूसारखा वागतो. म्हणून सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म (नॅनो) कणांची काही कामं त्याच्याकडून करून घ्यायची धडपड चालू आहे. रेणू आपोआप जुळवणं हिरव्या गंधक-जिवाणूंनी तर केव्हाच साधलंय: लाखाच्या घरात हरितद्रव्याचे रेणू, प्रथिनाच्या चौकटीशिवाय, अंधुक प्रकाश गोळा करायला.

अडचण जुनीच आहे. उन्हात रंग विटतो, आणि चिंचोळ्या टप्प्याबाहेर सगळी जादू संपते. ‘रंग फासला की वस्तू अदृश्य’ असलं कोणी सांगितलं, तर पुढे चला.

घरी पाहायचं असेल तर माशांच्या टाकीत घालतात ते मिथिलीन ब्लू आणा. दाट थेंब दोन काचांत दाबून पाहा, मग तेच पातळ करून पेल्यात पाहा. दाट असताना जांभळट झाक दिसते, ती चळत लावून बसलेल्या रेणूंची. फक्त जुना शर्ट घाला. डाग निघत नाही.