गाझात बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या का घेत होत्या? सेफ असतात का त्या?

पॅडच मिळत नव्हते म्हणून, आणि थोडे दिवस घेतल्या तर बहुतेकींना चालतात. मी आधी नर्स होते, आता पाळीच्या प्रश्नावरच काम करते. गोळी म्हणजे नॉरेथिस्टेरॉन, आपल्याकडे गणपतीत, पूजेला सर्रास घेतात तीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यानंतर तिथे धुवायला पाणी नव्हतं, एका संडासाला शेकडो माणसं, मग कुणी कपड्याचे नाहीतर तंबूचे तुकडे वापरले, कुणी ही गोळी. यूएनच्या हिशोबाने पाळी येणाऱ्या बायका-मुली तिथे ६ लाख ९० हजारांच्या वर! फक्त गोळी रोज वेळेवर घ्यावी लागते, चुकली की मधेच ब्लीडिंग, म्हणजे परत पॅड हवंच, आणि पूर्वी रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नको.